फोरमनसाहेब शॉर्ट शोधतात

"दहा मिनिटं! फार तर अकरा!" रविवारी सकाळी शर्टाच्या बाह्या दुमडत फोरमनसाहेबांनी जाहीर केलं. "नुसता पॉवर सप्लाय गेलाय. डोळे मिटून करीन!"

"उघडे ठेवून केलंत तरी चालेल," फोरमनीणबाई म्हणाल्या. "पाच वाजता भंगारवाला येतोय."

फोरमनसाहेब निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, हुद्दा मात्र अजून अंगातून उतरला नव्हता. मागच्या खोलीत त्यांचा ऑसिलोस्कोप होता. विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेषेत दाखवणारं, दोघांनी मिळून उचलावं लागणारं हे धूड कारखान्याने मोडीत काढलं, तेव्हा साहेबांनी ते घरी आणलं होतं. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ कुठे पडलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, ऑसिलोस्कोपवर मात्र रोज फडकं फिरायचं. खरं सांगायचं तर त्यांचा जीव होता त्याच्यावर. तोच आठवड्यापूर्वी बंद पडला. आणि उद्या लेक दोन महिन्यांचं बाळ घेऊन राहायला येणार होती, तिला खोली हवी होती. नवराबायकोत तह झाला. पाचच्या आत हिरवी रेषा दिसली तर यंत्र राहील, नाही दिसली तर हातगाडीवर चढेल.

साहेबांनी झाकण काढलं. फ्यूज उडाला होता. नवा घातला. चार मिनिटं झाली! दुसरा कुणी असता तर त्याने सरळ बटण दाबलं असतं आणि चहा मागितला असता. पण साहेब पडले जाणकार. जुनं यंत्र थेट विजेला लावायचं नाही, मध्ये शंभर वॉटचा एक बल्ब जोडायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्यासाठी लाकडी फळीवर होल्डर ठोकलेलाच होता. यंत्रात शॉर्ट, म्हणजे शॉर्ट सर्किट, असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सगळं ठीक असेल तर नुसता मिणमिणतो.

बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला!

"शॉर्ट आहे!" साहेब आनंदाने ओरडले. नुसत्या फ्यूजवर भागलं असतं तर त्यांना जरा अपमानच वाटला असता.

पहिला संशय वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर. एक काढला, बल्ब लख्ख. दुसरा काढला, लख्ख. चारही काढले, तरी बल्बाचा आपला तोच तोरा! मग चांगला कपॅसिटर लावून बघू, म्हणून साहेबांची नजर घरभर फिरली.

"अहो, माझा रेडिओ कुठे गेला?"

"तपासणीला घेतलाय."

"पण तो चांगला चालत होता!"

"म्हणूनच घेतलाय!"

रेडिओचं काळीज घालूनही बल्ब लख्खच. आता पुढच्या सगळ्या वायरी सोडवणं आलं. साहेब पद्धतशीर माणूस. सतरा वायरी सोडवल्या, प्रत्येकीवर आकडा घातलेली चिठ्ठी ठेवली. तेवढ्यात फोरमनीणबाई डोकावल्या. "अगंबाई, घामाने निथळताय की!" असं म्हणून त्यांनी मायेने पंखा लावला.

सतरा चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. एक चहाच्या कपात पडली. साहेब जे बोलले ते कारखान्यात चालत असे, घरात नाही.

साडेतीन वाजता आत उरला फक्त ट्रान्सफॉर्मर. बाकी सगळं टेबलावर मांडलेलं. साहेबांनी बटण दाबलं.

लख्ख!

म्हणजे ट्रान्सफॉर्मरच जळाला. असा ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळणार? साहेब स्टुलावर मटकन बसले. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो यंत्रं उठवली होती, आणि स्वतःचंच एक उठेना. त्यांना अगदी रडू आलं.

"गेला," ते म्हणाले. "सांग त्या भंगारवाल्याला, घेऊन जा म्हणावं."

फोरमनीणबाईंनाही वाईट वाटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी बटण बंद केलं आणि बल्ब काढायला हाताला फडकं गुंडाळलं.

"फडकं कशाला?"

"भाजतो गं. सकाळपासून पेटतोय."

"छे! हे नवे बल्ब तापतच नाहीत. म्हणून तर घेतले!"

साहेबांचा हात हवेतच राहिला. "नवे म्हणजे?"

"गुरुवारी घरातले सगळे बदलले ना, एलईडी लावले. तुमच्या फळीवरचा तेवढा जुनाट राहिला होता, तोही बदलला. म्हटलं, काम करताना उजेड तरी पडेल!"

उजेड पडला! एलईडी थेंबभर विजेवरही पेटतो. यंत्र मरतंय की जगतंय, त्याला काही सोयरसुतक नाही. तो आपला दिवसभर शॉर्ट, शॉर्ट म्हणून खोटं बोलत होता, आणि साहेब त्याच्या शब्दावर एका धडधाकट यंत्राची आतडी उपसत होते. बिघाड पहिल्या चार मिनिटांतच संपला होता.

"जुना कुठाय?" साहेब किंचाळले.

"माळ्यावर."

जुना बल्ब खाली काढून साहेब पुढचा जवळपास दीड तास जोडणीत गढले. सतरा वायरी, चिठ्ठी एकही नाही. पण डोकं विसरलं तरी बोटं विसरली नव्हती. पाचला तीन मिनिटं असताना बटण दाबलं. पिवळा बल्ब मिणमिणला. पडद्यावर हिरवी रेषा उमटली, आणि साहेबांचा ऊर भरून आला. त्याच क्षणी दारात भंगारवाला उभा!

"यंत्र राहील," फोरमनीणबाई शब्दाच्या पक्क्या. "ठरलं म्हणजे ठरलं. पाळणा आपल्या खोलीत लागेल, लेक माझ्याजवळ झोपेल."

"आणि मी?"

"तुम्ही ह्याच्याजवळ."

साहेबांनी टेप लावून पाहिली. टेबलापासून दारापर्यंत पाच फूट. साहेब पाच फूट आठ इंच. "पाय बाहेर येतील गं!"

"येऊ देत. मी ओलांडून जाईन."

भंगारवाल्याला दया आली. त्याने हातगाडीवरून एक घडीची आखूड खाट उतरवली. "ही ठेवा काका. पाय दुमडून मावाल. हिचा एक पाय तेवढा मोडलाय, पण तुमच्यासारख्याला काय, डाव्या हातचा मळ!"

साहेबांनी खाटेच्या पायाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मग अंगणात गेले आणि टेकू लावायला दोन विटा घेऊन आले.