केरोबाचा सूर चुकला

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा रीतीभातीची भीती जास्त होती. कुणी भेटलं, की आधी "जेवलात का?" विचारायचं, मग पोराबाळांचं, आणि मग कामाचं. समोरच्यानं पोटात कावळे कोकलत असले तरी "हो, आत्ताच" म्हणायचं. झालं!

त्याच जंगलात केरोबा नावाचं एक खवलेमांजर राहत होतं. वय चाळिशीचं, नजर कायम स्वतःच्या नखांवर. तळ्याच्या बांधातली वाळवी खाणं, हे त्याचं नेमून दिलेलं काम. बांधाचं ढेकूळ न् ढेकूळ त्याला पाठ. पण "जेवलास का?" विचारलं, की हा बाबा किती वाळवी खाल्ली, कुठली कडू लागली, सगळं सांगत बसायचा. लोक म्हणत, "विक्षिप्त मेला!"

एका सोमवारी तो थेट दरबारात शिरला. ना रामराम, ना विचारपूस.

"बांध पोखरलाय. वाळवी मला एकट्याला आवरत नाही. शुक्रवारी दुपारी फुटेल."

"ही काय बोलायची रीत झाली?" वाघमहाराज गुरगुरले. "याचं काम काढून घ्या!"

 बांधाशिवाय केरोबाला काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं.

घुबडशास्त्री मध्ये पडले. "महाराज, याला ॲस्पर्जर म्हणतात. तो उद्धट नाही, सरळ आहे. त्याला समजून घेतलं पाहिजे."

"घेऊ की!" महाराज म्हणाले.

लगेच शुक्रवारी 'केरोबाला समजून घेऊया' अशी सभा ठरली. तळ्याखालच्या मैदानात मांडव पडला. केरोबाला मात्र बजावलं, "आधी सगळ्यांची विचारपूस कर, मगच तोंड उघड. नाहीतर काम गेलं समज."

बिचाऱ्यानं चार दिवस दगडांना "जेवलात का?" विचारून सराव केला. सभेत ढोल वाजले तेव्हा त्याचे कान फुटायची वेळ आली, तरी तो पळाला नाही. त्रेचाळीस जणांना त्यानं एकेक करून विचारलं. उत्तरंही नीट ऐकली. हत्तीदादांनी तर अपचनाचं पुराणच लावलं. दुपार झाली.

शेवटच्या उंदीरमावशी "हो, आत्ताच" म्हणाल्या, तेव्हा पाणी त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

"बांध फुटला," केरोबा म्हणाला.

"अरे, मग आधी सांगायचं नाही का?" महाराज झाडावर चढता चढता ओरडले.

"सोमवारी सांगितलं होतं."

"तेव्हा तुझा सूर बरोबर नव्हता!"

"आज मात्र किती गोड बोलला हो!" फांदीला लटकलेल्या उंदीरमावशींनी डोळे पुसले.

महाराजांनी खूश होऊन केरोबाला त्याचं काम परत दिलं. बांध तेवढा राहिला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, जो आपल्यापेक्षा वेगळा, त्याला जरूर समजून घ्यावं. त्याचं म्हणणं ऐकलं नाही तरी चालतं. सभा तेवढी उंचावर भरवावी.