सरांची एकवीस दिवसांची राजकीय कारकीर्द

ह्यांना राजकारणात मी आणलं. आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यानंतर पक्षातलं कुणीच हे श्रेय घ्यायला तयार नाही!

हे अकरा वर्षं कॉलेजचे प्राचार्य होते आणि त्याआधी वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. कुठे निघालात, म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुठेच नाही." पाच वाजले तसे बूट काढून ठेवले. असं सात महिने चाललं. मी ओट्यापाशी उभी राहून बघायची आणि मला आतून तुटायचं. म्हणूनच नगरपालिकेच्या निवडणुकीला सर उभे राहतील का, असं विचारायला एका पक्षाचे कार्याध्यक्ष आले, तेव्हा ह्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत मी हो म्हणून मोकळी झाले. प्रचाराचं मी बघते, असंही छातीठोकपणे सांगितलं. अर्ध्या गावाला ह्यांनी शिकवलंय, आणखी काय हवं!

नेमकं तेच नडलं. ज्या दाराची बेल वाजवावी तिथे जुना विद्यार्थी! ह्यांना बघून तो ताठ उभा राहायचा. "मला मत द्या" एवढं ह्यांच्या तोंडून फुटेना. त्याऐवजी हे विचारायचे, सध्या काय वाचतोस? समोरचा घामाघूम. एका गल्लीला चार दिवस लागले. दुसऱ्या सभेची सुरुवात ह्यांनी "मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो?" अशी केली आणि श्रोत्यांतून उत्तर येईपर्यंत थांबून राहिले. तिसऱ्या सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांनी तर का येऊ शकत नाही याचं कारण लिहून चिठ्ठी पाठवली. कार्याध्यक्षांनी कपाळावर हात मारून घेतला. हे मात्र खुशीत होते. घरी आल्यावर दोन घास जास्त जेवायचे, जेवताना बोलायचे. हरले तर पुन्हा ते बूट आणि ती खुर्ची, या धास्तीने मी मात्र अर्धी झाले होते.

ह्यांच्या विरोधात उभा होता हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. ह्यांच्याच हाताखाली राज्यशास्त्रात दोनदा नापास झालेला. प्रचार संपायला तीन दिवस उरले होते. पत्रकं वाटून मी घरी आले, तर हा गृहस्थ आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला मान खाली घालून बसलेला. ह्यांचा चेहरा गंभीर.

"माझं चुकलं सर," तो म्हणत होता. "मला हे जमायचं नाही."

बस्स! चहाचं आधण ठेवायलाही न थांबता मी कार्याध्यक्षांना फोन लावला. विरोधक शरण आलाय, आता सरांना पाठिंबा देतोय म्हणून कळवलं. त्यांनी दहा जणांना सांगितलं, दहांनी शंभरांना. कुठे आणि कधी जाहीर करणार, हेही कुणीतरी ठरवून टाकलं: त्याच्या शेवटच्या सभेत! आमची सभा रद्द झाली, कार्यकर्ते पाय पसरून घरी बसले आणि त्या शेवटच्या सभेच्या संध्याकाळी आमचा अख्खा पक्ष विरोधकाच्या सभेत पहिल्या रांगेत जाऊन बसला. हेही आले. पाठिंब्याचं त्यांच्या कानावर घालायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तो बोलायला उभा राहिला. कसला पाठिंबा आणि कसलं काय! पाणी, गटारं, शाळेमागचा अंधारा बोळ, एकेक मुद्दा क्रमाने, कधी करणार आणि कसं करणार यासकट. हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं धड बोलू शकत नाही! लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात. मी शेजारी बघितलं तर ह्यांचे ओठ हलत होते. त्याचं वाक्य यायच्या जरासे आधीच.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

"भाषण आणि जाहीरनामा घेऊन आला होता," हे म्हणाले. "बघून द्या म्हणाला."

"आणि तुम्ही दिलंत?"

"अगं, फारच वाईट होतं. तीनदा लिहून घेतलं त्याच्याकडून."

"अहो, तो तुमच्या विरोधात उभा आहे."

"असेल. पण कच्चं काम घेऊन दारात आला, त्याला तसाच परत कसा पाठवू?" मग हळूच म्हणाले, "ह्या वेळी पास झाला गं तो." आणि चष्मा काढून पुसत बसले. डोळे भरले होते त्यांचे. अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

हे सपाटून पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला ह्यांनी बूट घातले आणि मी भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात विजयी उमेदवार, हातात ही जाडजूड फाइल.

"सर, परवा पहिली बैठक आहे. ह्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"वही आणली आहेस का?" ह्यांनी विचारलं. तो वर्गातला आवाज ह्या घरात मी आठ महिन्यांनी ऐकला.

आता रोज सात नगरसेवक येतात. दोन आमच्या पक्षाचे, बाकी इतर सगळ्यांचे. खुर्च्या पुरत नाहीत म्हणून एक जण खिडकीत बसतो. कार्याध्यक्ष माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण परवा त्यांनीही एक माणूस पाठवला.

मागच्या आठवड्यात सगळे गेल्यावर ह्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "तुझ्यापासून लपवत नाही. मत मी त्यालाच दिलं. मन मानेना."

मी खूप बोलले. बायकोने उन्हातान्हात पत्रकं वाटायची, घसा कोरडा करायचा, आणि ह्यांनी स्वतःचं मतसुद्धा स्वतःला देऊ नये? दोन दिवस मी धड उत्तर दिलं नाही. हे बिचारे मान खाली घालून चहाचे कप विसळत होते.

मी कुणाला दिलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही. भाषण खरंच फार चांगलं होतं हो.