जनूकाकांचे साडेसात

फोन वाजला की लोक फोनकडे धावतात. आमचे जनूकाका घड्याळाकडे धावायचे. स्टुलावर चढून काटे साडेसातवर आणायचे, मग रिसीव्हर उचलून खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "हाफ पास्ट सेवन!"

दर रविवारी सकाळी अमेरिकेहून मुलाचा फोन यायचा. सात वर्षांच्या नातीला मराठी येत नव्हतं. शाळेत नुकतंच घड्याळ शिकलेली, म्हणून ती एकच विचारायची, "आबा, व्हॉट टाइम इज इट?" आणि काकांना इंग्रजीतली एकच वेळ येत होती.

एका रविवारी ते उतरल्या चेहऱ्याने माझ्या ओट्यावर आले. "मास्तर, पोरानं सांगितलं, पोरगी बोलली, आबाचं घड्याळ बंद हाय. मना शिकव."

शेजारी मास्तर असण्याची ही शिक्षा! रोज संध्याकाळी आम्ही कशेळीच्या खाडीसमोर बसायचो. मी 'टू' आणि 'पास्ट' घोकायचो, काका पाण्याकडे बघत हरवून जायचे. उभा जन्म होडीत गेलेला. भरती-ओहोटी हेच त्यांचं घड्याळ. मी तर हात टेकले होते. एकदा पाण्यावरची नजर न काढताच ते म्हणाले, "काटा बारावरून खाली येतो ती ओहोटी. पास्ट. सहावरून वर चढतो ती भरती. टू. येवढंच ना रं?"

एवढंच होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मला ते सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला साक्षीला बसवलं. फोन वाजला. सवयीने हात स्टुलाकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. घड्याळाकडे बघून पुटपुटले, "पानी चढतंय." मग रिसीव्हरमध्ये गरजले, "क्वार्टर टू एट!"

 पलीकडून खळखळून हसू. "हियर क्वार्टर पास्ट टेन, आबा! गुड नाइट!"

काकांनी फोन हळूच ठेवला. "मास्तर, तिथं रात हाय?"

"हो. तुमच्यासाठी जागी राहते ती."

काका खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे बघत राहिले. तेवढ्यात बाहेर गोदामाकडे निघालेल्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला. काका अनवाणीच रस्त्यावर धावले. आता ड्रायव्हरची काही खैर नाही, म्हणून मीही मागोमाग गेलो.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"धीरे, भाई. बच्ची अभी सोयी है."