माणूस नसलेला फोटो

राष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेत भाग घ्यायचं अभिमनरावांनी ठरवलं ते वांगी निवडता निवडता. वांगी ज्या पेपरात बांधून आली होती, त्यातच जाहिरात होती: अखिल भारतीय निसर्गचित्र स्पर्धा, सर्वांसाठी खुली. (पेपर पंधरा दिवसांपूर्वीचा आहे आणि फोटो टपालात टाकायची शेवटची तारीख येत्या मंगळवारची आहे, हे त्यांच्या बायकोने, मंदाबाईंनी, दाखवून दिलं. पण तोवर उशीर झाला होता. अभिमनराव कलाकार झाले होते.)

हसू नका. एकवीस वर्षं हा माणूस धुळ्याच्या एका कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर तिसऱ्यांच्या सह्या घेत होता. एकदा तरी काहीतरी आपल्या नावावर असावं, लोकांनी म्हणावं, ‘हे अभिमनरावांचं’, एवढीच त्याची इच्छा होती. आणि ती अगदी मनापासून होती.

नियम तीन. फोटो काळा-पांढरा हवा, दहा बाय बाराचा हवा, आणि फोटोत माणूस नको.

कॅमेरा मेव्हण्याचा, दीपनगरहून लग्नासाठी आणलेला आणि परत द्यायचा राहिलेला. रोलमध्ये दोनच फोटो शिल्लक होते. रविवारी पहाटेच्या गाडीने अभिमनराव दोंडाईच्याजवळच्या सासुरवाडीला पोचले. सासऱ्यांचं, हिलाल आबांचं, रान नुकतंच नांगरलेलं होतं. काळ्याभोर मातीतल्या रेघा थेट क्षितिजापर्यंत गेलेल्या, टोकाला एकटं निंबाचं झाड, आणि वर कोवळं ऊन. दहा मिनिटांत ऊन चढलं की या सावल्या गेल्या!

अभिमनरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत निंबाच्या झाडाऐवजी हिलाल आबा होते. धुवट धोतर, टोपी, हातात काठी, छाती पुढे.

“आबा, जरा बाजूला होता का?”

“काब्रं?”

“फोटोत माणूस नको.”

“माणूस नको?” आबांना जावयाची काळजी वाटू लागली. “मंग काय ढेकळंस्ना फोटो काढतस? रिकामं वावर दखाडीसन मन्ही इज्जत घालतस का? पीक हुभं ऱ्हाई तवय या ना!”

अभिमनराव डावीकडे सरकले, आबाही सरकले. ते खाली बसले, आबा त्यांच्यासमोर येऊन ताठ उभे राहिले. (सासऱ्याला हाताला धरून फोटोबाहेर काढण्याची रीत अजून आपल्याकडे पडलेली नाही.) सावल्या आखडत चालल्या होत्या. शेवटी नाइलाजाने त्यांनी एक फोटो आबांवर खर्च केला. आबा समाधानाने विहिरीकडे वळले, आणि त्यांची पाठ फिरताच अभिमनरावांनी श्वास रोखून रोलमधला शेवटचा फोटो काढला. रेघा, झाड, आभाळ. माणूस नाही!

परत आल्याबरोबर ते घामाघूम चेहऱ्याने चुडामणच्या स्टुडिओत शिरले. धुळ्यातली निम्मी लग्नं आणि दिवसकार्याला लागणारे सगळे फोटो चुडामणकडेच व्हायचे. त्याने रोल धुतला, ओल्या पट्टीतले शेवटचे दोन चौकोन उजेडाकडे धरून पाहिले आणि विचारलं, “हे बाबा कोण, भाऊ?”

“सासरे. आणि पुढचं त्यांचं रान. हे शेवटचं आहे ना, तेच मोठं करायचं. दहा बाय बारा.”

“कधीपर्यंत?”

“मंगळवारी चार वाजता. तारीख ठरलेली आहे, पुढे ढकलता येत नाही. फार थोडे दिवस मिळाले हो, अचानकच कळलं.” अभिमनरावांचा आवाज कापरा झाला होता. “जिवाला घोर लागलाय.”

चुडामणने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही काहीच बोलू नका भाऊ. मला सगळं समजलं.”

कलाकाराची तळमळ कलाकारालाच कळते, असं मनाशी म्हणत अभिमनराव घरी गेले.

मंगळवारी चारला चुडामणकडची वीज गेलेली होती. सव्वाचारला आली. साडेचारला फोटो वाळत होता आणि अभिमनराव फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. चार चाळीसला चुडामणने दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, पाकिटात भरून, चिकटवून फोटो हातात ठेवला. “बघायचा का?” “वेळ नाही!” म्हणत अभिमनरावांनी सायकल अशी हाणली की चौकातल्या हवालदाराने शिट्टी तोंडात धरली ती तशीच राहिली. पोस्टात रांगेत सात माणसं. पाचला तीन मिनिटं कमी असताना रजिस्टरची पावती हातात पडली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसरी प्रत घ्यायला ते आरामात स्टुडिओत परतले. चुडामणने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

खाली काळंभोर रान होतं. रेघा होत्या, झाड होतं. आणि वर, सबंध आभाळ व्यापून, कमरेपासून वरचे हिलाल आबा ढगांत बसले होते. डोक्यामागे तेजोवलय होतं. कोपऱ्यात शिक्का होता: ‘कलाकार : चुडामण’.

“चुडामण, हे काय?”

“भाऊ, रिकाम्या जमिनीचा फोटो माणूस दोनदाच काढतो. कोर्टात वाद असला तर, नाहीतर धनी गेला तर. तुमचा चेहरा पाहिला आणि वाद नाही एवढं कळलं. ढग आपले नेहमीचेच, पण वलय खास घातलंय. दिवसकार्य, गंधमुक्ती कुठे आहे, गावालाच?”

“अरे, ते जिवंत आहेत!”

चुडामणने फोटोकडे पाहिलं. “मग तर फारच नैसर्गिक आलेत.”

अभिमनराव पोस्टाकडे धावले. खिडकी बंद होती. कारकुनाने फटीतून सांगितलं की पाकीट परत हवं तर उद्या अर्ज करा. उद्या अर्ज करून स्पर्धेत काय उरणार होतं? चूक आपलीच, पाकीट फोडून पाहायला हवं होतं. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. दुसरी प्रत त्यांनी गादीखाली दडवली आणि मंदाबाईंना अवाक्षर सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी दिल्लीहून पाकीट आलं तेव्हा नेमके आबा मुक्कामाला होते. त्यांनीच दारात ते घेतलं, त्यांनीच फोडलं. आत फोटो होता आणि इंग्रजी पत्र होतं.

“वाचा,” मंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. त्यांची नजर फोटोवर खिळलेली होती आणि आवाज बर्फासारखा होता.

“‘नियम तीननुसार आपली प्रवेशिका बाद करण्यात येत आहे,’” अभिमनरावांनी मराठी करून वाचलं. “‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’”

“माझ्या बापाला जिवंतपणी ढगात बसवलंत?” मंदाबाई कडाडल्या.

आबांनी हात वर करून लेकीला थांबवलं. फोटो उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला. अभिमनराव भिंतीला टेकून उभे होते. सासुरवाडी कायमची तुटणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

“मंदे, बठ्ठं सारं वावर दिखस व यामा,” आबा म्हणाले. “आनि मी वरथीन ध्यान ठी ऱ्हायनू. ऱ्हाऊ दे. मरानंतर फोटो बनाडतात तं माले कसा दिखता?”

फोटो त्यांनी गावी नेला आणि काच लावून ओट्यावर टांगला. दिवाळीला अभिमनराव गेले तेव्हा ओट्यावर माणसांची रीघ लागलेली होती. एक म्हातारा डोळ्यांवर हात धरून विचारत होता, “आबा, कोन्ही काढेल शे हो हाऊ फोटो?”

अभिमनरावांनी कॉलर नीट केली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

“धुयाना चुडामण. मोठा कलाकार शे!” आबा म्हणाले. मग जावयाकडे लक्ष जाताच त्यांनी मानाने हात पुढे केला. “ह्या आमना जावईबापू. यास्नी फोटो टपालमा टाकेल शे. पन एकदम येळवर बरं का!”