शब्द फलाटावर लागला आहे

१९९८ साल. मी पासष्टीला आलेलो आणि आमची गंगी म्हस घेऊन रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभा राहायचो. गिऱ्हाइकानं पेला धरायचा, आम्ही त्याच्यासमोर धार काढायची आणि त्यानं उभ्या उभ्या फेसासकट प्यायचं, ही आमची कोल्हापूरची रीत. अशा एका संध्याकाळी पांढऱ्या टोपीचा एक काटकुळा माणूस आला, गंगीपुढं ताठ उभा राहिला आणि नाकातनं ओरडला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! ऑब्स्टिनेट हा शब्द फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे. अर्थ, हट्टी!"

गंगीनं पान्हा चोरला.

हे अण्णा. उभा जन्म एसटी स्टँडवर माईकपुढं गेलेला. बिद्रीची गाडी कुठं लागली, जयसिंगपूरची किती उशिरा येणार, ते सगळ्या जगाला सांगायचं. निवृत्त झाल्यावर माईक गेला, घसा राहिला. त्या घशात आता इंग्रजी शिरलं होतं. तेही साधं न्हाई. मास्तरलोकांनाही डोकं खाजवायला लावेल असं.

आमच्या पेठेत ते नवीनच राहायला आलेले. महिनाभरात त्यांनी कट्ट्यावरच्या म्हशींचं बारसं उरकलं. बाबूची म्हस लाथ मारायची, ती बेलिजरंट, म्हणजे भांडखोर. शिवाची सारखी रेकायची, ती लोक्वेशस, म्हणजे वाचाळ. गिऱ्हाइकंही पक्की कोल्हापुरी. "शिवा, लोक्वेशसचं एक पेलाभर काढ की," असं चारचौघात म्हणायला लागली. शिवाही खूश. म्हशीला मोठ्या साहेबाचं नाव मिळाल्यागत मिरवायचा.

राहिलो मी. चौथीत असताना मास्तरांनी माझा नाद सोडला आणि मी शाळेचा. त्यावर माझं काही अडलं न्हाई. इंग्रजी तोंडात घ्यायचं न्हाई, हा माझा बाणा.

अण्णा हटेनात. "दादबा, एकच शब्द घ्या. मी शब्द सांगतो, तुम्ही अर्थ वरडा. तुमचा आवाज पार पंचगंगेपल्याड जाईल."

"म्हशीसाठी हाय त्यो आवाज. इंग्रजीसाठी न्हाय."

"मग समद्यांनी ऐका! ऑब्स्टिनेट. अर्थ, हट्टी. उदाहरण, दादबा!"

कट्टा खदखदून हसला. मी हसलो न्हाई. गंगीनं तेवढे कान हलवून घेतले.

या माणसाला दुसरं काही नको होतं. त्यांनी शब्द म्हणायचा आणि दुसऱ्या कुणीतरी खणखणीत अर्थ म्हणायचा, बास. लोक अर्थ सांगायचे, पण चेष्टेनं. "अर्थ, तांबडा रस्सा!" असं कुणी ओरडलं की अण्णांचा चेहरा पडायचा. शब्द म्हणून झाला की ते मान जरा वाकडी करून, कान लावून थांबायचे. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघावी तसे. मग स्वतःच अर्थ सांगून, तांब्याभर दूध घेऊन निघायचे. घरी कोण असतं, असं विचारलं की म्हणायचे, "आम्ही दोघं. गारगोटीला जाणारी गाडी सुटत आहे!" आणि सुटायचे.

गंगीचं रेडकू जन्मताच गेलं होतं. तरी ती शेजारच्या दाव्यावरल्या परक्या रेडकाला पाजायची. ते बघून अण्णा म्हणाले, "हिचं नाव मॅग्नॅनिमस. अर्थ, मोठ्या मनाचा."

"हिचं नाव गंगी. माझ्या आईनं घरातल्या पयल्या म्हशीला ठेवलेलं नाव हाय. मी जिता हाय तवर बदलायचं न्हाय."

"बरं, नाव ऱ्हाऊ दे. अर्थ तरी वरडा."

"न्हाय."

एका संध्याकाळी अण्णा आलेच न्हाईत. दूध नेणारा माणूस दुधाविना कसा राहील, म्हणून मी चरवी भरली आणि विचारत विचारत त्यांच्या दारात गेलो. दार उघडं होतं. आत खाटेवर वहिनी पडलेल्या. अर्धं अंग लुळं, तोंड मिटलेलं, डोळे तेवढे टक्क जागे. अण्णा खाटेच्या पायथ्याशी ताठ उभे.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. मॅग्नॅनिमस."

मग मान वाकडी करून थांबले. कान स्वयंपाकघराकडं. तिथं कोण असणार? चूल गार होती. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "अर्थ, मोठ्या मनाचा." वहिनींनी डोळे मिटले, उघडले.

मला बघून अण्णा वरमले. "हिला आज ताप हाय. सोडून येववंना."

चहा त्यांनीच केला आणि पिता पिता सांगायला लागले. लेक परदेशात शिकायला जायची म्हणून परीक्षेचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. तिच्यासाठी अण्णा शब्द पुकारायचे. लेक परीक्षा पास होऊन गेली, पुस्तक राहिलं. मग म्हातारा-म्हातारीनं खेळ चालू ठेवला.

"हिला अक्षर येत न्हाय. पण ऐकून ऐकून समदं पाठ. मी इथनं शब्द पुकारायचा, ही भाकरी थापत आतनं अर्थ वरडायची. वर मला एक टोमणा. मॅग्नॅनिमस म्हटलं की म्हणायची, 'मोठ्या मनाचा! तुम्ही न्हाय!' आणि एकटीच हसायची." अण्णांनी कपबशी पुसली. "वरीस झालं, वाचा गेली. कानाला सवय लागली हाय, दादबा. आतनं कायतरी येईल असं वाटतं. रोज सकाळी पयला शब्द ह्योच पुकारतो. तिचा आवडता."

असल्या वेळी बोलायचं शिक्षण चौथीपर्यंत देत न्हाईत. रिकामी चरवी घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगीला सोडली आणि थेट अण्णांच्या गल्लीत नेली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली खांबाला बांधली. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. मी उकिडवा बसलो आणि धार सोडली. आतनं घसा खाकरल्याचा आवाज आला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मॅग्नॅनिमस."

मी चरवी गुडघ्यात दाबली, मान वर केली आणि होता तेवढा आवाज लावून खिडकीतनं आत ओरडलो, "मोठ्या मनाचा! तुम्ही न्हाय, माझी म्हस!"