फळेगावचा रस्ता कुठला हो?

आमच्या वरच्या मजल्यावरचे वैशंपायन काका रविवारी सकाळी सायकल काढतात आणि संध्याकाळपर्यंत जो भेटेल त्याला रस्ता विचारत फिरतात. रस्ता एकच असला, तरी विचारतात. कल्याणहून मोहन्याच्या पुढे गेलं की शेतं लागतात, आणि काकांचे प्रश्न सुरू होतात.

पूर्वी ते ठाण्याच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे नुसत्या उत्तराने भागत नाही. "आपण स्वतः गेला आहात त्या रस्त्याने, की ऐकीव माहिती?" डोक्यावर गवताचा भारा घेतलेला माणूस बिचारा साक्षीदारासारखा उभा! हे आमच्या दूधवाल्याने सांगितलं. त्याच्या गावाजवळ त्याचीही उलटतपासणी झालेली.

काकांची सायकल काळी, उंच. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली माकडटोपी. डब्यात दडपे पोहे. "काका, एखादा सायकलवाल्यांचा ग्रुप बघा की," मी एकदा सुचवलं.

"ते लोक वेळ वाचवायला पळतात गं. मला घालवायचा असतो."

बिल्डिंगमध्ये मात्र माणूस जवळजवळ मुका. लिफ्टमध्ये "हं" आणि "अच्छा", संपलं. वसुधाकाकू गेल्यापासून त्यांचं नावही काकांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मुलगा ठाण्यातच, घोडबंदर रोडला असतो. तो का येत नाही विचारलं, तर "ट्रॅफिक असतं."

गेल्या थंडीत मी मैत्रिणीच्या शेतावर स्कूटरने चाललेले. फाट्यावर काका दिसले. त्यांच्या डोक्याच्या वर खांबाला हीऽऽ मोठी पाटी, फळेगाव, बाण काढलेला. आणि पाटीखाली उभे राहून काका एका शेतकऱ्याला विचारतायत, "फळेगावचा रस्ता कुठला हो?" त्याने हात केला. मग भात कसं झालं, मुलगी कुठे दिली, विहिरीला पाणी किती, सगळं झालं. तो गेल्यावर मी पुढे झाले.

"काका, पाटी आहे की वर!"

"वाचली मी."

"मग?"

त्यांनी उगाचच हँडल पुसलं. "अगं, अनोळखी माणसाला थांबवून 'जरा माझ्याशी बोला' असं कसं म्हणायचं?"

"तू हो पुढे," ते म्हणाले.

दुपारी परतताना गावाच्या टोकाच्या एका घरापुढे त्यांची सायकल उभी दिसली. मी थांबले. अंगणात एक आजी पापड वाळत घालत होत्या.

"त्याची शेजारीण का गो तू? फाट्यावर भेटलीस म्हनत होता."

"हो. रस्ता विचारायला आलेत का?"

आजी हसल्या. "रस्ता म्हाईत हाय त्याला. दर टायमाला इचारतो, मी पन दर टायमाला सांगते. मना तरी दुसरं कोन काय इचारतंय?"

पदराला हात पुसून त्या ओटीवर जाऊन बसल्या. तिथे काका भिजवलेले वाल सोलत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"आमच्या वसुधाला उसळ आवडायची, पण वाल सोलायचा भारी कंटाळा," ते सांगत होते. "मग मी सोलायचो, आणि ती समोर बसून चुका काढायची. चार वाल सोलले की एक स्वतःच्या तोंडात. कच्चा!"

"कच्चा? मंग?" आजी म्हणाल्या.

काका हसले आणि पुढचं सांगू लागले. मी स्कूटर चालू न करता वळणापर्यंत ढकलत नेली.