जनूकाकाचं चूलबंद आवतण

लग्नाची पत्रिका हातात पडली की जनूकाका ती खालून वाचायला घेतो. वर कोण, वधू कोण, मुहूर्त किती वाजून किती मिनिटांचा, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' असं लाडिक अक्षरांत छापून त्याखाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं दिलेली असतात, तिथून तो सुरुवात करतो. चष्मा नाकावर ओढून एकेक नाव मोठ्याने वाचतो. नावं दोनतीनच असली तर पत्रिका बाजूला ठेवतो. भरपूर असली तर म्हणतो, "हां. हितं जेवान चांगलं असनार."

हा त्याचा सिद्धांत आहे. ज्या घरात पोरं जास्त, त्या घरात आचाऱ्याला हात आखडता घेता येत नाही. मी एकदा वाद घालून पाहिला, तेव्हा त्याने मागच्या सहा मे महिन्यांतल्या लग्नांच्या आमट्या मला गावांच्या नावांसकट ऐकवल्या. कुठली पातळ, कुठली खारट, आणि त्या त्या पत्रिकेवर पोरं किती. हल्लीच्या नावांवर मात्र त्याचा दात आहे. परवा एका पत्रिकेवर 'रिद्धांश' निघाला. काकाने ते नाव तीन हप्त्यांत वाचलं आणि मला विचारलं, "ह्यो विहिरीत पडला तर हाक काय मारायची? नाव पुरं होईस्तवर पोर तळाला जायाचं."

आमची वाडी पोलादपूरहून उमरठकडे जाताना लागते. आमचं सोडून अठरा घरं. त्यातली निम्मी वर्षभर कुलपात असतात आणि मे महिन्यात मुंबईवाले आले की उघडतात. माझे वडील चार भावांतले थोरले. तिघे भाऊ मुंबईला गेले, जनूकाका घरी राहिला. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. नात्याने माझ्या मुलांचा आजोबा, पण आजोबा म्हटलं तर ओ देत नाही. त्यामुळे मी, माझी पोरं आणि वाडीतली निम्मी माणसं त्याला काकाच म्हणतो.

लग्न त्याचं झालं नाही. त्याने नको म्हटलं असं नाही, आणि कुणी प्रयत्न केले नाहीत असंही नाही. मुली बघायला जायचे तेव्हा पहिला प्रश्न यायचा, मुंबईला खोली आहे का? खोली नव्हती. होती ती भाताची खाचरं, दोन बैल आणि अंथरुणाला खिळलेली आमची आजी. मी लहान असताना दर मे महिन्यात त्याला विचारायचो, "काका, तुझं लग्न कधी?" तो म्हणायचा, पुढच्या मे महिन्यात. मला पत्रिकेवर माझं नाव हवं होतं. पुढचे मे येत गेले, मला मिशा फुटल्या आणि मी विचारायचं सोडून दिलं.

आता दरवर्षी मी, बायको सीमा, नऊ वर्षांची स्वरा आणि सहा वर्षांचा विहान ठाण्याहून निघून वीर स्टेशनला उतरतो, रिक्षाने महाडला येतो आणि तिथून पुढे वाडीवर. माझ्या चुलत बहिणीची तीन पोरं आधीच येऊन ठेपलेली असतात. पाचही पोरं काकाच्या ताब्यात दिली की मी जो आडवा होतो तो जेवायला हाक येईपर्यंत.

काकाचा आवडता शब्द 'रीतसर'. उन्हाळ्याची सुट्टी त्याच्याकडे रीतसर घालवावी लागते. करवंदं खायची तर साप निघून जावा म्हणून आधी जाळीत काठी आपटायची, मग हात घालायचा. अढीतले आंबे रोज सकाळी वास घेऊन तपासायचे, दाबून नाही. दाबणाऱ्याचा त्या दिवसाचा आंबा रद्द. पोहायलासुद्धा तो रीतसर शिकवतो. मे महिन्यात आमच्या नदीला पाणी असतं घोट्याएवढं. काका पोरांना त्यात पालथं झोपवतो, हातपाय मारायला लावतो आणि काठावरून ओरडतो, "दम सोड, दम सोड!" ठाण्याला जाऊन विहानने शाळेत सांगितलं की मला पोहता येतं. ते निस्तरायला मला शाळेत जावं लागलं.

पण त्याचा खरा कार्यक्रम म्हणजे लग्नं. खोऱ्यातल्या जेवढ्या लग्नांचं बोलावणं येईल तेवढ्या लग्नांना तो पोरांची पलटण घेऊन जातो. निघण्याआधी अंगणात रांग, डोक्याला तेल, खिशात रुमाल. एकाने चपलांवर लक्ष ठेवायचं, एकाने डोकी मोजायची. बसायचं ते दुसऱ्या पंगतीला. पहिल्या पंगतीत वाढपी बावरलेले असतात आणि तिसरीपर्यंत आमटीत पाणी पडतं. अक्षता शेवटच्या मंगलाष्टकाआधी संपवल्या तर परत मिळणार नाहीत.

आमंत्रणाचे प्रकारही त्याने पोरांना शिकवले आहेत. घरटी एका माणसाचं आमंत्रण असेल तर एकानेच जायचं, बाकीच्यांनी घरी पिठलं खायचं. पण 'चूलबंद आवतण' आलं, तर त्या घरात त्या वेळेला चूल पेटवायचीच नाही. म्हातारंकोतारं, तान्हं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायला जायचं. आणि एकदा हातावर अक्षता पडल्या की काय, कसं, कशाला हे विचारायचं नसतं. जायचं. पोरांनी हे सगळं पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ केलं होतं.

यंदा एका लग्नाच्या पत्रिकेवर पोरांची अकरा नावं होती. काका खूश. जेवणही त्याच्या सिद्धांताला साजेसं झालं. घरी येऊन ओटीवर बसल्यावर विहानने विचारलं, आपलं नाव कुठल्याच पत्रिकेवर का नाही? काकाने समजावलं की त्याला घरात एखाद्या काकाचं नाहीतर मामाचं लग्न निघावं लागतं. विहानचा मामा त्याच्या जन्माआधीच उरकून मोकळा झालेला. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग तुझं कर ना."

काका आंब्याच्या फोडी करत होता. मान वर न करता म्हणाला, "करू की. पन रीतसर. आधी पत्रिका काढायची, मग अक्षता, मग आवतण. नुसतं करू करू बोलून लगीन होत नाय." आणि फोडी मीठ लावून उन्हात घालायला निघून गेला. तो विसरला. पोरं विसरली नाहीत.

त्यानंतर दोन दुपारी पाचही पोरं खाली मान घालून ओटीवर काहीतरी कापत, रंगवत, चिकटवत होती. भांडण नाही, मोबाईल मागणं नाही. गावाला आलं की मुलांना कसं सुचतं बघ, असं मी सीमाला मोठ्या समाधानाने सांगितलं. एक फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवरही टाकला. त्यांनी नक्की काय लिहिलंय हे वाकून बघायचं तेवढं राहिलं.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला शेजारची भागीकाकी नवं लुगडं नेसून अंगणात आली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, मांडव कुठे दिसत नाही तो. मी विचारलं, कसला मांडव? तिने कमरेची पत्रिका काढून माझ्या हातात दिली.

चित्रकलेच्या वहीचा कागद, कोपऱ्यांना हळदकुंकू. वर झेंडूची तोरणं काढलेली. 'चि. जनूकाका यांचा शुभविवाह' हे ठळक अक्षरात. त्यापुढे 'चि. सौ. कां.' लिहून स्वराने, ती फार नेमकी मुलगी आहे, 'नंतर कळवू' असं लिहिलं होतं. रविवार, संध्याकाळ, स्थळ आमचं घर. तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि पाच नावं, इयत्तांसह.

अठरा घरांना अशा अठरा पत्रिका गेल्या होत्या. शनिवारी सकाळी पोरांनी दारोदार फिरून अक्षता दिल्या आणि एका सुरात सांगितलं, उद्या संध्याकाळी जेवायला यायचं, चूल बंद ठेवायची. काहींना वाटलं पूजा असेल. काहींना वाटलं, जनू पहिल्यापासून मनातलं बोलत नाही, जमवलं असेल कुठेतरी. विचारायला कुणीच आलं नाही, कारण अक्षता मिळाल्यावर विचारायचं नसतं.

मी पोरांना बोलावून ओरडलो. विहान रडायला लागला. स्वरा रडली नाही. ती म्हणाली, "पण बाबा, आम्ही सगळं रीतसर केलं." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरोघर जाऊन माफी मागतो, पोरांचा खेळ होता म्हणून सांगतो. भागीकाकी म्हणाली, "आता काय सांगतोस बाबा? रातच्याला कुनाच्याच घरात चूल पेटायची नाय."

जेवणाची काळजी होतीच, पण मला धास्ती वेगळीच होती. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या न झालेल्या लग्नाचा आम्ही पोरखेळ केला होता. चार दिवसांनी आम्ही ठाण्याला निघून जाणार आणि सगळ्या वाडीचं हसू त्याच्या एकट्याच्या वाट्याला ठेवणार. मला स्वतःचीच शरम वाटली. इतकी वर्षं त्याला पोरं सोपवून मी झोपा काढत होतो.

काका डोक्यावर आंब्यांची पाटी घेऊन आला तेव्हा अंगणात पंचवीसतीस माणसं धुतलेल्या कपड्यांत उभी होती. त्याने पाटी उतरवली. कुणीतरी पत्रिका त्याच्या हातात दिली. त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि सवयीने खालून वाचायला घेतली. पाच नावं, मोठ्याने, सावकाश. मग वर गेला. 'नंतर कळवू'पाशी थोडा थांबला.

मी म्हणालो, "काका, पोरांची चूक झाली, मी सगळ्यांना..." त्याने हातानेच मला गप्प केलं आणि स्वराकडे वळला.

"आवतण कसं दिलंस गो?"

"चूलबंद."

"समद्या घरांत?"

"अठराही."

काकाने मान हलवली. "मग हुबी काय ऱ्हायलीस? पानं आन जा पत्रावळीची."

पुढचे तीन तास आमच्या घरात जे चाललं होतं त्याला स्वयंपाक म्हणायचा की लढाई, मला ठरवता आलं नाही. वाडीची सामायिक मोठी भांडी नेमकी दुसऱ्या गावच्या लग्नाला गेलेली. मग ज्याच्या घरात जे पातेलं, टोप, परात होती ती तो घेऊन आला. परसात तीन चुली मांडल्या. काकाने कणगीतले तांदूळ काढले, डब्यातले होते नव्हते तेवढे वाल काढले. भिजवायला वेळ नव्हता, म्हणून बायकांनी त्यांना गरम पाण्यात घातलं आणि शिजवून शिजवून शरण आणलं. मी सत्तर बटाटे सोलले. अढी सगळी मोकळी केली. आम्हाला सुट्टीभर ज्या अढीला बोट लावायची परवानगी नव्हती, ती काकाने अख्खी रसाला दिली.

आहेर आणणारेही निघाले. तिघांनी टॉवेल-टोपी आणली होती. कुणाला वाईट वाटू नये म्हणून काकाने तिन्ही टोप्या एकावर एक घातल्या आणि तशाच अवताराने तो आमटी वाढत फिरला. पहिली पंगत रंगात आली तेव्हा मुंबईहून आलेल्या कुणाच्यातरी जावयाला राहवलं नाही. त्याने विचारलं, "काका, नवरी कुठाय?"

पंगत थांबली. माझ्या हातातली भाताची परात तिथल्या तिथे थबकली. काका त्या जावयाच्या पानाशी गेला.

"पत्रिका वाचली नाय काय? लिवलंय की, नंतर कळवू. भात घ्या."

सगळी पंगत हसली, आणि ते हसू काकाला लागेल असं नव्हतं. रात्री उशिरा शेवटची पंगत उठली. काका सगळ्यांना पोहोचवायला अंगणाच्या कडेपर्यंत जात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भांडी परत द्यायला निघाला. मीही दोन टोप उचलून बरोबर गेलो, कारण मला माफी मागायची होती. वाटेत मी सुरुवात केली, की पोरांना कळत नाही, तू मनाला लावून घेऊ नको. काका चालता चालता थांबला.

"मनाला काय लावायचं? चाळीस वर्सं मी या लोकांच्या मांडवात जेवलो. लगीन, बारसं, पूजा, काय सोडलं नाय. माझ्या घरात यांना बोलवायला कधी काय झालंच नाय रे. आई गेली तवाचं काय ते जेवान. फुकट जेवल्यावानी वाटायचं मला."

एवढं बोलून तो पुढे चालू लागला. तो एकटा आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं; दर मे महिन्यात आम्ही त्याच्यासाठी शर्टपीस आणतो, औषधं आणतो. त्याला कुणाला तरी जेवायला घालायचं आहे, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

भांडी देणं दहा मिनिटांचं काम. काकाने त्याला दुपार केली. प्रत्येक दारात उभा राहून तो विचारायचा, जेवण बरं होतं ना, मीठ कमी नाही ना पडलं, म्हाताऱ्याला वाल बाधले नाहीत ना. पानावरून कुणी उपाशी तर उठलं नाही ना, हे त्याने अठरा वेळा विचारलं. सगळ्यात शेवटी भागीकाकीचं घर. तिने टोप घेतला आणि म्हणाली, उरलेली आमटी तिने काल वाटीभर घरी नेली होती, सकाळी भाकरीबरोबर खाल्ली, आणि ती रात्रीपेक्षाही चांगली लागली.

"काय बोललीस?" काकाने विचारलं.

त्याला चांगलं ऐकू येतं. भागीकाकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, टोप खाली ठेवला आणि सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.